डोळ्याच्या मागचा पडदा

माय, आज जळगावला डोळे तपासायला गेलो होतो. थेंब घातल्यामुळे दुपारभर सगळं धुरकट होतं, आत्ता कुठे अक्षर दिसायला लागलंय. तिथे जे ऐकलं त्यानंतर मला माझीच किळस येतेय, म्हणून लिहितो.

त्या वर्षी तू भरितासाठी भाजलेली वांगी सोलायची सोडून पुन्हा कच्च्या वांग्यांच्या टोपलीत टाकायचीस. आम्ही ठरवलं, म्हातारीला मोतीबिंदू झालाय, दिसत नाही. धुळ्याच्या शिबिरात नेऊन ऑपरेशन केलं. पट्टी सुटली, डॉक्टरांनी तीन बोटं धरली, तू बरोबर तीन सांगितलीस. मग माझ्याकडे बघून त्यांना विचारलंस, "हाऊ कोन शे?" मला ओळखत नसल्याची थट्टा करतेस असं वाटून सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर जाड चष्मा लावून तू पुन्हा तेच केलंस, तेव्हा पाहुण्यांसमोर मी तुझा हात धरून ओढला. "आते दिखस ना? मंग सोंग कसाले करस?" तू मान खाली घातलीस आणि म्हणालीस, "चुकनू भाऊ." परक्या माणसाला म्हणावं तसं. त्यानंतर मी तुला चुलीपाशी बसू दिलं नाही. तू जाईपर्यंत तुझ्याशी धड बोललोही नाही.

आता मीच विसरतो. परवा यावलला निघालो आणि भुसावळच्या बसमध्ये जाऊन बसलो. उतरल्यावर कशाला आलो ते आठवेना. म्हणून आज डॉक्टरीणबाई डोळ्यात उजेड टाकून बघत होत्या तेव्हा विचारलं, माझ्या मायला विसरायचा आजार झाला होता, तो यात दिसतो का? त्या म्हणाल्या, डोळ्याच्या मागचा पडदा म्हणजे मेंदूचाच भाग. विसरण्याच्या आजाराच्या खुणा तिथे लवकर सापडतात का, हे परदेशात काहीजण शोधताहेत, पण अजून खात्रीचं काही नाही. मी पुन्हा विचारलं, मग धुळ्याला तिचा मोतीबिंदू काढणाऱ्या डॉक्टरला तेव्हा कळायला हवं होतं ना?

"नाही आजोबा. हे आधी घरच्यांनाच कळतं."

त्यांनी हो म्हणावं म्हणून मी दोनदा विचारलं, माय. एवढ्या वर्षांनी, स्वतःची पाळी आली तेव्हाही, मी दोष टाकायला दुसरा माणूस शोधत होतो. शी.

पुढच्या खेपेला घरचं कोणीतरी बरोबर आणा, असं त्यांनी बजावलंय. हा कागद गादीखाली ठेवतो, कुणाच्या हाती लागायला नको. संध्याकाळी मुलाने विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. तो चिडका आहे, माझ्यावर गेलाय. मी सांगितलं, नंबर वाढलाय, बाकी काही नाही.