'पुरे' कडेलाच हवं

प्रिय भाऊजींना वहिनीचा सप्रेम नमस्कार,

तुमचा गुडघा कसा आहे, जाऊबाईंना झोप लागते का, ते कळवा. मी बरी आहे (असं म्हणणारं घरात दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून मीच म्हणते).

ह्यांनी संगणकात लिहून ठेवलेली स्क्रिप्ट (म्हणजे यंत्राला द्यायच्या आज्ञांची यादी) हे गेल्यावरही रोज सकाळी मला मेल पाठवते: "गोळी घे. कडी बघ. फिरून ये." मग आपले फोटो थोडे थोडे करून जुन्या डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर उतरवते. अगदी ह्यांच्यासारखी, बोलणं कमी आणि काम जास्त. परवा ती उघडून पाहिली आणि जीव कळवळला. साऱ्या ओळी शिक्षा झालेल्या मुलींसारख्या डावीकडे भिंतीला टेकून उभ्या. आमच्या कॉन्व्हेंटात परिच्छेद बोटभर आत घेतला नाही तर सिस्टर वही परत द्यायच्या (अक्षर कितीही गोजिरं असो). ह्यांचं लिखाण असं अजागळ का राहावं म्हणून मी स्पेस देत देत एकेक ओळ आत सरकवली. (ओळ आत घ्यायला टॅबची कळ दाबायची की स्पेसची यावरून तुम्हा भावांनी बोलणं टाकलं, तेव्हा मी ह्यांच्या बाजूची होते. हात मात्र तुमच्या बाजूने चालला.)

मेलचा मजकूर कुठे संपतो ते यंत्राला कळावं म्हणून ह्यांनी खाली एक शब्द ठेवला होता, "पुरे". (माझं बोलणं लांबलं की हे तोच म्हणायचे.) दुरुस्तीवाला सांगतो, तो शब्द अगदी कडेलाच लागतो. मी आत घेतला, तर आता यंत्राला "पुरे" ऐकूच जात नाही. पुढच्या सगळ्या आज्ञा मेलमध्येच ओतल्या जातात, आणि फोटो उतरवणं बंद. जुनी डिस्क तर हल्ली कण्हते. ती गेली तर उतरवायच्या राहिलेल्या फोटोंतला ह्यांचा चेहराही गेला. दुरुस्तीवाला सगळं पुसून नव्याने लिहितो म्हणाला. मी त्याला वाटेला लावलं. तेव्हा तुम्हीच या, आणि "पुरे" जागेवर ठेवा.

तुमची,
वहिनी

ता. क. फोटोंचं तेवढं वेगळं काढून चालू करा. मेलमधलं "पुरे" राहू द्या आहे तिथेच. हे इतकं सलग माझ्याशी कधी बोलले नव्हते.

ता. ता. क. आज्ञांच्या मध्ये ह्यांनी स्वतःसाठी शेरे लिहिलेत, तेही आता मेलमध्ये येतात. शेवटचा असा: "अडलं तर धाकट्याला विचारणे. स्पेसचं त्याचं म्हणणं बरोबर होतं. त्याला सांगू नये." मी सांगितलं नाही असं समजा, आणि या.