सनीने हात दाखवला नाही

मस्कत, शुक्रवार संध्याकाळ

नवीन अ‍ॅनिमेचा पहिला एपिसोड आज सनीने बदलापुरात आणि मी इथे, व्हिडिओ कॉल चालू ठेवून सोबतच बघायला घेतला. सुरुवातीलाच राक्षस हिरोचा हात तोडून नेतो. असल्या सीनला माझा हा भाऊ बोंबलतो, आज गप्प बसला. कॉल लागल्यावर जय भीमपण डाव्या हाताने केला. आनंदनगरच्या कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेस मशीनवर कामाला आहे तो.

"उजवा हात दाखव रे."

"दादा, पकवू नको ना, एपिसोड बघ." आणि कॉल कट.

मला उगाच डाऊट येतोय का? पण मग डावा हात कशाला?

आईला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. मी हॅलो म्हणायच्या आधीच बोलली, "काही झालेलं नाही रे बाळा."