कोपऱ्यावरचा मारुती

२ मार्च, रविवार
ही सकाळच्या एसटीनं बुलढाण्याला संजीवनीकडे गेली. मुलगी, जावई, नातू. जावंसं वाटणारच. कारण मात्र दम्याचं सांगितलं. कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर कॉलनीचा उकिरडा आहे, तो कोणीतरी पेटवतं आणि धुरानं हिला श्वास लागतो. निघताना म्हणाली, "तो उकंडा हटला का फोन करा. मंग येईन मी."
विषय सोपा आहे. पंचायत समितीत विस्तार अधिकारी होतो, जन्मभर गावोगाव स्वच्छतेवर भाषणं दिली. आठ दिवसांत कोपरा साफ. संकल्प.

३ मार्च, सोमवार
दोन डबे आणले. हिरवा ओल्या कचऱ्याला, निळा सुक्याला. उद्यापासून कचरा फक्त घंटागाडीत. कॉलनीनं बघून शिकावं.

४ मार्च, मंगळवार
चहाच्या पुडक्यात थोडी पावडर उरली होती. ते ओल्यात की सुक्यात, याचा विचार करत होतो, तेवढ्यात गाडी निघून गेली. पिशवी तात्पुरती कोपऱ्यावर ठेवली. ठेवली, फेकली नाही. शिवाय माझ्या कचऱ्याचं वर्गीकरण झालेलं होतं.

९ मार्च, रविवार
अंगणात कॉलनीची मीटिंग. तिघे आले. शेजारचा हर्षल, मोबाईलच्या दुकानवाला, म्हणाला, "काका, सारेच टाकतात. तुम्ही बी त टाकता." त्याला तात्पुरतं आणि कायमचं यातला फरक समजावून सांगत होतो, पण त्याला दुकान उघडायची घाई होती.
'येथे कचरा टाकू नये' असा बोर्ड रोवला. संध्याकाळपर्यंत बोर्ड कचऱ्याखाली गेला.
नळ रोज येत नाही, म्हणून निळ्या डब्यात तूर्त पाणी भरून ठेवलंय.

१३ मार्च, गुरुवार
होळी. पोरांनी उकिरडाच पेटवला. प्लॅस्टिक, चपला, जुनं टायर, सगळं. खिडक्या लावून बसलो, तरी डोळे चुरचुरले. हिचा फोन. झाला का कोपरा साफ? जवळजवळ, म्हणालो. राख झाली म्हणजे साफच की.

१४ मार्च, शुक्रवार, पहाटे
आयडिया! आपला माणूस बोर्डाला भीत नाही, देवाला भितो. जिन्यात कोणी थुंकू नये म्हणून देवांच्या फरशा लावतात, तेच तत्त्व. नाल्यातून गोटा आणला. हिच्या देवघरातला शेंदूर तेलात कालवून फासला आणि कोपऱ्यावर नीट मांडला. धुळवड असल्यामुळे लाल हातांबद्दल कोणी विचारलं नाही.

१८ मार्च, मंगळवार
एक पिशवी नाही! हिला फोन केला, ये. म्हणाली, अजून थोडे दिवस पाहू. माझ्या यशावर हिचा पहिल्यापासून विश्वास नाही.
माझ्याही पिशव्या शुक्रवारपासून स्वयंपाकघरातच आहेत. वास येतो. त्याग करावा लागतो.

२२ मार्च, शनिवार
गोट्याला रुईच्या पानांचा हार! नारळही फुटला. लोकांनी फारच मनावर घेतलंय. चांगलंच आहे.

२७ मार्च, गुरुवार
करवंट्या, तेलाच्या बाटल्या, वाळलेले हार. कोणी काच फुटलेल्या तसबिरी आणून ठेवल्या, कोणी गणपतीचं जुनं मखर. घरात ठेववत नाही आणि गाडीत टाकवत नाही, असं सगळं इथं येतंय. ढीग पहिल्याएवढाच झाला. दर्जा मात्र सुधारलाय.

२८ मार्च, शुक्रवार
आज गाडी गाठली. गाडीवरच्या धम्मशीलाबाईंना म्हणालो, हे तेवढं उचला. त्या लांबच थांबल्या. म्हणाल्या, "काका, तुमचा देव तुम्हीच उचला. मी हात लावला त साऱ्या गावात माह्याच नावानं बोंब होईन." मी म्हणालो, अहो, हा देव नाही, हा मीच... तेवढ्यात दोन बायका पाण्याचे तांबे घेऊन आल्या. वाक्य अर्धंच राहिलं. पुढच्या वेळी पूर्ण करीन.

३० मार्च, रविवार, पाडवा
हर्षलला खरं सांगून टाकलं. गोटा मी आणला, शेंदूर मी फासला. तो माझ्या पाया पडला! म्हणे, "देव कोणाच्या हातून प्रकट होईन, सांगता येते का? भाग्यवान हा तुम्ही, काका."
हनुमान जयंतीला भंडारा ठरलाय. समितीचा अध्यक्ष मी. विरोध आत राहूनच करता येतो, म्हणून स्वीकारलं.

१२ एप्रिल, शनिवार
रोडगे, वांग्याची भाजी, अख्खी कॉलनी जेवायला. संजीवनीबरोबर ही आली, नाकाला पदर लावून. गोट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हात जोडले. मला वाटलं, जिंकलो.
मी माईकवर स्वच्छतेचं महत्त्व सांगत होतो. मागे पोरांनी उष्ट्या प्लेटा आणि ग्लास ढिगावर टाकून पेटवून दिले. वारा मांडवाकडेच होता. हिला खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. ओठ निळसर पडले. मी धावलो तर माईकची वायर पायात अडकली. उठेपर्यंत संजीवनीनं तिला रिक्षात घातलं होतं.

१३ एप्रिल, रविवार
वाफ दिली, सलाईन लावलं. आता बरी आहे. दवाखान्यातूनच बुलढाण्याला गेली. जाताना म्हणाली, "आधी नुसता उकंडा होता. कवा ना कवा हटला असता. तुम्ही त्याच्यावर देव बसवला. आता कोण हटवते त्याले?"
चिडून म्हणाली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती अगदी हळू म्हणाली. मला भीती वाटली. अजून वाटतेय.

१६ एप्रिल, बुधवार
गाडी आली आणि गेली. अंथरुणातून घंटा ऐकली, उठावंसं वाटलं नाही.
मग पिशवी घेऊन कोपऱ्यावर गेलो. कोणी नव्हतं. काय बुद्धी झाली कोण जाणे, चपला काढल्या. म्हणालो, मारुतीराया, हिला घरी आण. मला काही जमत नाही.
हात जोडायचे म्हणून पिशवी खाली ठेवली होती. येताना उचलली नाही.