जिन्यात अडकलेला यूपीएस

गोर्ना ब्रेझा, गुरुवार

आदरणीय स्पासमामांस,

झिवकोचा डोंगरावरून वाकून नमस्कार. तुमचा गुडघा थंडीत कुरकुरत नसेल, मधमाश्या सुखात असतील आणि मामींनी घरच्या रकिया दारूची बाटली अजून तुमच्या हाताला लागेल अशाच जागी ठेवली असेल, अशी आशा आहे. इकडे सगळे खुशाल. मीही खुशालच, फक्त उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. त्याचीच हकीकत कळवतो.

आमच्या रुग्णालयातली वीज माझ्या गळ्यात आहे, हे तुम्ही जाणताच. (वीज असते तेव्हा लोक मला इंजिनिअरसाहेब म्हणतात. गेली की जे म्हणतात ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही.) डायलिसिसच्या खोलीला यूपीएस लागतो, कारण वीज गेल्यावर तळघरातला जनरेटर आळोखेपिळोखे देत उठेपर्यंत यंत्रं थांबून चालत नाहीत. जुना यूपीएस गेल्या महिन्यात कायमचा झोपला. नवा कोणता घ्यायचा यावरून माझी आणि डॉक्टर बिल्यानाबाईंची जुंपली. (बाई त्या विभागाच्या प्रमुख. वयाने माझ्याहून लहान, आवाजाने मोठ्या.) मला हवं होतं एकच भक्कम कपाट, ठरलेल्या ताकदीचं, एकदा बसवलं की विसरून जावं असं. बाईंना हवा होता मॉड्युलर. म्हणजे एक सांगाडा, आणि त्यात ड्रॉवरसारखे सरकवलेले छोटे छोटे यूपीएस. रुग्ण वाढले की एक ड्रॉवर वाढवायचा, आणि एखादा बिघडला की काम चालू ठेवून तेवढाच बाहेर ओढायचा.

मी म्हटलं, "बाई, एका चुलीपाशी पाच जावा आल्या की भाजी करपते."

"आणि एकटीवर घर टाकलंत अन् ती रुसून माहेरी गेली, तर जेवणार काय, झिवकोभाऊ?"

खरेदी समितीसमोर मी बाईंपेक्षा जास्त वेळ बोललो, जेवणाची वेळ टळत चालली होती, त्यामुळे माझं कपाट मंजूर झालं.

कपाट दोन आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी आलं. दरवाजा मी स्वतः मोजला होता. दरवाजातून ते राजासारखं आत गेलं. तळघराच्या जिन्याला मध्ये वळण आहे, ते मात्र मोजायचं राहिलं. तिथे कपाट असं रुतलं की ना वर, ना खाली. खालीच स्वयंपाकघर, त्यामुळे आमची स्वयंपाकीण पेन्का कपाटापलीकडे कोंडली गेली. (खिडकीला गज आहेत. पेन्का गजांतून यायची नाही, सुपाचे वाडगे येतात.) त्यात दुपारी वादळ झालं आणि वीज गेली. जनरेटर कपाटाच्या पलीकडे, मी अलीकडे.

मामा, डायलिसिसची यंत्रं थांबली. यंत्र थांबलं तर नळ्यांतलं रक्त हाताने दांडा फिरवून माणसाच्या अंगात परत घालावं लागतं. नर्सचे हात पुरेनात, म्हणून बाईंनी मला स्तान्काआजींच्या यंत्रापाशी उभं केलं आणि कसं फिरवायचं ते दाखवलं. मी घामाघूम होऊन फिरवू लागलो.

"सावकाश रे बाळा," आजी म्हणाल्या, "मी काही विहीर नाही."

जनरेटर सुरू करायला सांगितलेली पेन्का तळघराच्या खिडकीतून ओरडत होती, "झिवको, लाल बटण की हिरवं?" मी सांगत होतो, "हिरवं!" आणि ती विचारत होती, "अंधारात हिरवं कुठलं ते कसं कळणार?" शेवटी तिने दोन्ही दाबून पाहिली असावीत. जनरेटर खोकला, दिवे आले. तरीही माझा दांडा फिरतच होता. आजींनी माझ्या हातावर हात ठेवला तेव्हा कळलं की आता थांबायला हरकत नाही. आजी ठणठणीत आहेत. मी मात्र बाहेर जाऊन जरा रडलो. (हे मामींना सांगू नका.)

कठडा तोडून कपाट बाहेर काढलं आणि पेन्का सुटली. समितीच्या नव्या बैठकीत मी अजिबात बोललो नाही. काल मॉड्युलर आला. सांगाडा रिकामा, सडपातळ, वळणावरून अलगद उतरला, मागून पावाचे ट्रे न्यावेत तसे एकेक ड्रॉवर नेले. चाचणीला बाई म्हणाल्या, "ओढा त्यातला एक, तुमच्याच हाताने." मी डोळे मिटून ओढला. उघडले तेव्हा दिवे तसेच, आणि बाई हसत होत्या. जावा गुण्यागोविंदाने नांदतात, मामा. मी एवढंच म्हटलं की सांगाडाच बिघडला तर सगळ्या एकदम बसतील. बाई म्हणाल्या, "हे खरंय, लिहून ठेवा." माणसाला एवढा मान पुरतो.

मुलं तुमची आठवण काढतात.

तुमचा भाचा,
झिवको

ता. क. ओरखडे पडल्यामुळे ते कपाट कंपनी परत घेत नाही. तुमची शेड कोरडी असते म्हणून म्हटलं, उन्हाळ्यापर्यंत तिथे राहू द्याल का?

आणखी एक. तुमच्या उत्तराची वाट पाहणार होतो, पण ट्रकवाला आजच ते घेऊन तुमच्या बाजूला यायला निघाला.

आणि शेवटचं. मामींना फोनवर विचारलं, त्या आनंदाने हो म्हणाल्या. लाइन खराब होती, "मोठं पांढरं कपाट" एवढंच त्यांना ऐकू गेलं. त्यांची समजूत आहे की नवा फ्रीज येतोय. ट्रक पोचण्याआधी त्या जुना फ्रीज शेजारणीला देऊन टाकणार नाहीत, एवढं कृपया बघा.