नाकातले शिसे

मी, वय एकाहत्तर, रॉकेट-संस्थेत, वारा सोडून नमुने तपासायच्या बोगद्यात हिशेब करण्यात सारी नोकरी घालवलेली बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत आहे. आज सकाळीच डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला.

१. राहते घर आणि ठेवी मुलीला. घर खुशाल विकावे. दाराची कडी उचलून लावावी लागते, हे घेणाऱ्याला सांगावे.

२. पुस्तके वाचनालयाला. माझ्या नावाची पाटी नको.

३. कपाटातले हातभर लाकडी रॉकेट भाचीला, माझ्या थोरल्या भावाच्या मुलीला. तिने ते वजनाच्या मध्याशी दोरीने बांधून डोक्याभोवती फिरवावे. वजनाचा मध्य पुढे आणि वाऱ्याचा रेटा बसतो तो मध्य मागे असला, की नाक पुढे ठेवून ते सरळ फिरते. मग नाकातले शिसे काढून, मध्य पुन्हा शोधून फिरवावे. ते कोलांट्या खाईल. शाळेत तिला ‘वाकड्या पंखांची’ म्हणत, त्याचे उत्तर एवढेच आहे.

४. दादा आमच्याच संस्थेत फिटर होता. खऱ्या रॉकेटच्या शेपटीचे पंख त्याने घडवले. उड्डाणाच्या आदल्या दिवशी, ते उंच जावे म्हणून, नाकातले शिसे मी काढले आणि हिशेब पुन्हा केला नाही. वाऱ्याचा एक झोत आला आणि रॉकेट उलटले. चौकशीत पंख वाकडे ठरले. दादाची नोकरी गेली.

“छोटे, गुण्या लावून काटकोनात बसवलेत मी ते,” तो म्हणाला. “तुझ्या वाऱ्याला विचार की.”

त्याच संध्याकाळी या लाकडी रॉकेटला, शिसे काढून, दोरी बांधून विचारले. वाऱ्याने सांगितले. मी गप्प बसले. मला बढती मिळाली. सव्वीस वर्षे दादा या घरात आलेला नाही.

५. पंख सरळ होते. चूक माझी. संस्थेला तसे सहीनिशी आजच कळवले आहे. यासाठी माझ्या मरणाची वाट पाहायची नाही.

६. खऱ्या रॉकेटमधून काढलेले ते शिसे टेबलाच्या खणात आहे. दादानेच ओतले होते, म्हणून देत नाही, परत करते. त्याला या कागदाने काहीच मिळत नाही. तेव्हा तो साक्षीदार होऊ शकतो. मुलगी त्याला आणायला गेली आहे. येईल का, माहीत नाही. जागा सोडली आहे.

स्थळ: माझी कामाची खोली. दिनांक: १४ मार्च.
सही: (आहे)

साक्षीदार पहिल्या: डॉक्टरीणबाई. (सही)

साक्षीदार दुसरा: थोरला भाऊ. (सही)
वाचलं. फार वेळ लावलास, छोटे. कडी आत्ता बोटाला लागली. उद्या हत्यारं घेऊन येतो. कडीचं ते वाक्य खोड.