देवाच्या वातींचा कापूस

नौपाडा, ठाणे
मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी, १९५३

तीर्थस्वरूप सौ. गोदाताईस कल्याण मुक्कामी धाकट्या विमलचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला? इकडे सर्व ठीक. (हे सवयीने लिहून गेले. खोडले तर तेवढा कागद फुकट जाईल, म्हणून राहू देते.)

ह्यांच्या घशात आतून गळू झाले, श्वास कोंडला, आणि परवा इथल्या इस्पितळात डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून चांदीची नळी बसवली. (हो, चांदीची. नंतर घरी मिळते का, विचारले. नाही मिळत.) आता श्वास त्या नळीतून. आवाज बंद, जे काय म्हणायचे ते पाटीवर. बावीस वर्षांत पहिल्यांदाच मी सलग दोन वाक्ये बोलले आणि कोणी तोडले नाही, पण त्याचे सुख काही लागले नाही बघ.

काल एकादशी. मी खाटेशी बसून देवाच्या वाती वळत होते. सिस्टर कलावती आली, "बाई, जरा कापूस द्या," म्हणाली. दिला. तिने त्याची केसाएवढी बट काढून नळीच्या तोंडाशी धरली. मग स्टेथास्कोप लावून छाती डावीकडे ऐकली, उजवीकडे ऐकली, पुन्हा डावीकडे ऐकली. ताई, आजीच्या नाकाशी बाबांनी शेवटी कापूस धरला होता, आठवतो ना? एकादशी, म्हणजे थेट वैकुंठ, असेही मनात येऊन गेले. (देवा, क्षमा कर.) पिशवीत गंगेची कुपी आणि तुळस असतेच. पान ह्यांच्या ओठांवर ठेवले, कुपीचे बूच काढले, तोच सिस्टरने मनगट धरले. "अहो बाई, पाणी घालाल तर खरंच जातील! नळी जागेवर आहे का बघत्ये मी. कापूस हलतोय, दिसत नाही?"

तेवढ्यात ह्यांनी पाटी ओढली. लिहिले, "मी आहे. तुळस उचल."

सगळा वॉर्ड हसला. मीही हसले, मग बाहेर जाऊन रडले.

तुझी,
विमल

ता. क. पान वाया गेले नाही. मीच खाल्ले.

आणखी ता. क. खरे तर पत्र एवढ्यासाठीच. वॉर्डात वीस खाटा, सिस्टर एकटी. नळी कफाने तुंबते, कधी जागची सरकते म्हणे. म्हणून तिने मला शिकवले आहे. बट चिमटीत घट्ट धरायची (सुटून आत गेली तर भलतेच), ती आतबाहेर हलते का बघायचे, छातीच्या दोन्ही बाजू सारख्या वरखाली होतात का बघायचे, नाहीतर ओरडायचे. मी सारखी धरते. पण ताई, कापूस ह्यांच्या श्वासाने हलतो की माझ्या हाताच्या कापऱ्याने, ते मला कळत नाही. तुझा हात स्थिर आहे. पत्र मिळताच निघ.