लाल दिवा विझेपर्यंत

दि. १२, गुरुवार, दुपारी

ती. मामांना,

भाचीचा नमस्कार. मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का? त्या दुखणं सांगणार नाहीत, तुम्हीच बघत जा. इकडे सगळं ठीक आहे.

तुम्ही पाठवलेल्या पॉवर सप्लायच्या डब्यावरून फोनवर मी तुमच्याशी भांडले, ते मनावर घेऊ नका. टेपरेकॉर्डरची मोटर जोडून व्होल्टेजचं बटण कितीही फिरवलं तरी आकडा जागचा हलेना आणि लाल दिवा डोळे वटारून बसलेला. मला वाटलं, मामांनी जुना माल गळ्यात मारला. तुम्ही तिकडून उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं विचारलंत, "दुसरं बटण बघितलंस का, करंटचं?" बघितलं, ते पार शून्याला चिकटलेलं होतं. एवढी वर्षं तुमच्या दुकानात रेडिओ उघडून माझी ही अक्कल.

मग तुमचा धडा आठवला. व्होल्ट आपण ठरवायचे; करंट समोरची वस्तू आपल्या भुकेप्रमाणे ओढते. पण तिच्यात बिघाड असला तर ती वखवखल्यासारखी ओढते आणि स्वतःलाच जाळून घेते. म्हणून हद्द आधी घालून ठेवायची. हद्द आली की सप्लाय लाल दिवा लावतो, व्होल्ट खाली आणतो आणि काहीही जळत नाही.

तुम्ही नंतर विचारलंत, "बाकी कशी आहेस?" मी म्हणाले, मजेत. तेव्हा फोन स्पीकरवर होता आणि हे शेजारी बसले होते. घरात फोन एकच, तो सकाळी ह्यांच्याबरोबर कामावर जातो.

सप्लाय ह्यांना आवडला बरं का. "आता घरात रमशील," म्हणाले. समोरच्या काकू म्हणतात, इतकी काळजी घेणारा नवरा मिळायला नशीब लागतं.

ती काळजी कशी असते ते सांगते. ह्यांचा धंदा कुलपं बसवण्याचा, तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या दाराला त्यांनी विजेवर चालणारं कुलूप बसवलं. बाहेरून आकडे दाबले की उघडतं. आतून उघडायला एक बटण होतं, ते काढून नेलं. बिघडलंय, दुरुस्त करून आणतो, म्हणाले. मामा, मी तुमच्या हाताखाली शिकलेली. बटणात बिघडण्यासारखं असतं काय? मी विचारलं नाही. विचारलं की घरात दोन-दोन दिवस कुणी बोलत नाही, आणि घरात माणसं दोनच.

मागच्या महिन्यात जिन्यातल्या मीटरने पेट घेतला. सगळी इमारत खाली पळाली. मी दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबून आत उभी होते. हाका मारल्या, पण त्या गोंधळात कुणाला ऐकू जाणार? संध्याकाळी तो आला, भिंतीवरची काजळी बघितली आणि म्हणाला, "बघ, आपल्या घराला काही झालं नाही ना?"

तेव्हापासून मी त्या कुलपाकडे बघत होते. चौकटीवरची प्लास्टिकची पट्टी काढली की कुलपाचा दांडा आत ओढणाऱ्या कॉइलच्या दोन वायरी हाताशी येतात. बारा व्होल्टचं कुलूप. बारा व्होल्ट तुम्ही मला घरपोच पाठवलेले. भीती एकच होती. कॉइल जळली तर दार कायमचं बंद, आणि त्याचा वास संध्याकाळपर्यंत घरात राहील. म्हणजे पुढे पट्टीला हात लावायचीही सोय नाही.

काल तो गेल्यावर बसले. व्होल्ट बाराला लावले. मग सप्लायची दोन टोकं एकमेकांना टेकवून करंटची हद्द अगदी खाली आणली, तुम्ही शिकवलंत तशी. मग कुलपाच्या वायरी आकड्यांच्या कंट्रोलपासून सोडवून सप्लायला जोडल्या. लाल दिवा लागला आणि बाराचे व्होल्ट एकाच्याही खाली आले. कुलूप ढिम्म. मला वाटलं, संपलं, कॉइल गेली. मी तिथेच फरशीवर बसून रडले, मामा. खूप रडले.

डोळे पुसल्यावर डोकं चाललं. कॉइलला समांतर एक डायोड असतो, करंट एकाच दिशेने सोडणारा. वायरी उलट्या जोडल्या की सगळा करंट त्याच्यातूनच वाहून जातो. मी उलट्या जोडल्या होत्या. हद्द घातली नसती तर डायोडचा धूर झाला असता. वायरी बदलल्या. व्होल्ट चारपर्यंत आले, दिवा लालच. मग करंटचं बटण हळूहळू वर नेलं. सहा, आठ, नऊ, आणि दांडा खट्कन आत गेला. आणखी थोडं फिरवल्यावर बारा झाले आणि लाल दिवा विझला.

मी दार उघडलं. जिन्यात कुणी नव्हतं. उंबऱ्याबाहेर एक पाय ठेवला आणि परत आत आले. दार लावलं, वायरी होत्या तशा केल्या, पट्टी बसवली आणि संध्याकाळचा स्वयंपाक केला. का परत आले, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही.

जिना उतरून मी कुठे जाणार? तुमच्याकडेच. आईबाबांमागे माझं माहेर तुम्हीच. आणि लग्नानंतर पहिल्यांदा आले तेव्हा मी तुम्हाला म्हणाले होते, तो मला कुठे जाऊ देत नाही. तुम्ही हातातलं काम खाली न ठेवता म्हणालात, "नवीन आहे, थोडं जुळवून घे." तुम्ही वाईट हेतूने म्हणाला नाहीत. पण काल दारात माझा पाय अडला तो कुलपाने नाही, तुमच्या त्या वाक्याने.

मला तुमचा राग आला आहे. आणि तरी तुमच्याकडेच यायचं आहे. दोन्ही खरं आहे.

आज पट्टी पुन्हा काढली आहे. हे पत्र कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून मी आधी मैत्रिणीकडे जाईन, रविवारी तुमच्याकडे पोचेन. तो त्याआधी तुमच्याकडे येईल. गोड बोलेल, पाया पडेल, माझी फार काळजी वाटते म्हणेल. त्याला चहा द्या, हवं तर जेवू घाला. पण मी दारात उभी राहिले की आधी मला आत घ्या, आणि घरात येईपर्यंत शहाणपणाचा एक शब्दही सांगू नका.

जुळवून न घेणारी,
तुमचीच भाची